तुसाच्या जागा

भरमाण्णा मामाला मी आधीच सांगितलं,
पाणी धरणारं नको, पाझरणारं हवं.
चाकावरचा हात न काढता तो म्हणाला,
चाळीस वर्षं झिरपू नये म्हणून राबलो,
आता भाची इंजिनिअर झाली
आणि गळकं मागते की.

मग खानापूरची तांबडी माती,
तिच्यात भाताचं तूस, तीनास एक.
सुपारीएवढ्या गोळ्या वळल्या
मी, मामीनं, आणि शाळा बुडवून बसलेल्या चन्नूनं.
पाच हजार सातशे, असं चन्नू म्हणतो.
भट्टीत तूस जळून गेलं
आणि जिथं तूस होतं तिथं
तुसाच्या आकाराची जागा राहिली.
मामानं एक गोळी जिभेला टेकवली, ती चिकटली.
म्हणाला, तहानलेली आहे.
बेळगावच्या लॅबमध्ये एवढंच कळायला
मला तीन दिवस लागतात आणि एक यंत्र,
ते यंत्रही निम्म्या वेळा बंद.

हे मीठ आमटीतलं नव्हे.
डबा उघडा राहिला तर हवेतलं पाणी पितं,
पिऊन पिऊन स्वतःच विरघळतं.
हावरट. पण पिताना तापतं,
आणि त्या एका गुणासाठी
मी त्याचे सगळे नखरे सोसते.
मोकळं ठेवलं तर ढेकूळ, ढेकळाचा चिखल,
म्हणून त्याला खोल्या द्यायच्या,
तुसानं सोडून दिलेल्या.

पहिली खेप अकराव्या फेरीत उकलली.
मीठ फुगलं, भिंती तडकल्या,
अंगावर पांढरी बुरशी आल्यासारखं झालं.
अहवालात लिहिलं: गळती, सोळा टक्के.
मामाला फोनवर सांगितलं: भरून सांडलं.
तो म्हणाला, पोटभर वाढू नको.
जरा उपाशी राहू दे.

मे महिन्यात जांबोटीच्या दवाखान्याच्या गच्चीवर
काळ्या पेटीत गोळ्या वाळवल्या.
पाणी गेलं, वजन उतरलं.
मग पिंप, झाकण, झाकणाच्या कडेला मेण.
येणारा जाणारा पिंपाला हात लावी:
हे तर गार आहे! ऊन कुठं ठेवलंय?
कुठंच नाही, मी म्हणायची.
फक्त पाणी काढून घेतलंय.
हिरेमठ सरांनीही एकदा हात लावून पाहिलाच,
कुणी बघत नाही असं वाटून.

ऑगस्टात बाराव्या दिवशीही आभाळ उघडलं नाही.
वॉर्डातल्या दोरीवर आठ लंगोट,
कालचेच, परवाचेच,
नाकाशी नेले तर कुबट.
शेगडी लावली तर बाळं खोकायची.
भिंतीवरचा तक्ता कन्नडात, चापोलीची बाळंतीण मराठीत कण्हणारी,
आणि निंगव्वा सिस्टर दोन्हींत रागावणारी.
मी मेण खरवडलं. खालून छोटा पंखा लावला.
जी ओल भिंतींत शिरली होती, गाद्यांत, काडेपेटीत,
तीच ओल पिंपात शिरू लागली.

आधी काहीच नाही.
मग सिस्टरनं नळीच्या तोंडाशी तळवा धरला,
तळवा काढून गाल धरला.
बिसी ऐती! ती ओरडली,
आणि निजलेली तीन बाळं एकदम उठली.

आत जाणारी हवा चोवीस अंश, बाहेर येणारी त्रेचाळीस.
वहीत आकडा लिहिताना माझं अक्षर वाकडं आलं.
पावणेदोन तासांत सात लंगोट वाळले, कडक, पापडासारखे.
आठवा राहिला, वीज गेली.
सिस्टरनं तो घडी करून
पिंपाच्या कोमट पोटाला लावून ठेवला
आणि वर आपला स्वेटर टाकला.
ही पद्धत माझ्या प्रबंधात नाही.

रात्री मामाला फोन केला.
त्यानं किती तापलं ते विचारलं नाही.
विचारलं, किती फुटल्या?
नऊ.
नऊच्या नऊ पाठव, म्हणाला,
तूस नीट चाळलं नव्हतं चन्नूनं.